कपाळावरच्या रेघा

माझी जन्मतारीख १ जून. वर्गातल्या निम्म्या मुलांची तीच होती. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला, की गुरुजी वय सहा लिहायचे.

तोच अंदाज मला गेल्या हिवाळ्यात महागात पडला. घुग्घुसच्या आमच्या घरात लव्हबर्डची जोडी आणली. खरं नाव बजरीगर, मूळ ऑस्ट्रेलियाचे. विकणारा म्हणाला, "जोडी तयार आहे, सर." नाकपुड्यांवरची त्वचा तपकिरी झाली की मादी विणीला आली, एवढं ऐकून होतो. मटकी टांगली. पहिलंच अंडं पोटात अडकलं आणि मादी गेली. मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही.

नंतर शिकलो. पिल्लाच्या कपाळावर थेट चोचीपर्यंत काळ्या रेघा असतात. तीन-चार महिन्यांनी पिसं गळतात, कपाळ साफ होतं. मग काळ्याभोर डोळ्यात बाहुलीभोवती पांढुरकं कडं उमटतं. पूर्ण पिवळ्या किंवा पांढऱ्या पक्ष्यात मात्र रेघा नसतात. वर्ष उलटलं की दिसण्यावरून वय कळत नाही. पायात बंद कडी असेल तर तिच्यावरचं साल हाच दाखला. आणि मादी वर्षाची होईपर्यंत मटकी द्यायची नाही. कोवळ्या मादीचं अंडं अडकण्याची भीती जास्त.

नवी मादी मुद्दाम रेघांची आणली. तो दिवस कॅलेंडरवर लिहिला.

"अब्बू, मटकी कधी?" मुलगी विचारते.

"त्या तारखेपासून पूर्ण वर्षानं, बेटा."

मटकी माळ्यावर ठेवलीय.