शेवंतीचं अंगण

दसऱ्याची रात्र. तोरणातली शेवंती उंबऱ्यावर गळत होती आणि मी आत बसून झांग यिमो यांचा २००६ सालचा ‘कर्स ऑफ द गोल्डन फ्लॉवर’ पाहत होतो. दहाव्या शतकातला चिनी राजवाडा. नवव्या महिन्याच्या नवव्या दिवसाचा सण. अंगणात नजर जाईल तिथवर कुंड्याच कुंड्या, पिवळ्याधमक शेवंतीच्या. माय मागून डोकावली आणि म्हणाली, “एवढ्या फुलायचे हार कोणाले बाप्पा?”

राजा राणीला औषधातून विष पाजतो. ती वाटी रिकामी करते आणि मुकाट्यानं कापडावर शेवंती भरत राहते. ती शेवंतीच बंडाची खूण ठरते. सणाच्या रात्री, बापाच्या अंगणात, मुलाचं सैन्य कापलं जातं. मग नोकर येतात, प्रेतं ओढून नेतात, फरशी धुतात, नव्या कुंड्या मांडतात. सण सुरू. लढाईपेक्षा या झाडलोटीचीच मला जास्त भीती वाटली.

जिजाऊंच्या माहेरी, सिंदखेड राजाला गेलो की ती झाडलोट आठवते. इथल्या रंगमहालात लहानग्या जिजाऊंनी आणि शहाजींनी रंगपंचमीला एकमेकांवर रंग उधळल्याची गोष्ट सांगतात. सोयरीक हसण्याखिदळण्यातून जुळली म्हणे. पण दरबार सोयरिकी जुळवतो तसा तोडतोही. खंडागळे सरदारांचा हत्ती बिथरला, त्या एका गर्दीत जिजाऊंच्या माहेरच्या जाधवांचा दत्ताजी गेला, शहाजींच्या घरच्या भोसल्यांचा संभाजी गेला, आणि व्याही व्याह्यांचे वैरी झाले.

पुढे २५ जुलै १६२९. निजामशहानं जिजाऊंचे वडील लखुजी जाधव यांना देवगिरीच्या दरबारात बोलावलं. लखुजी, मुलगे अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव: मुजऱ्याला गेलेली तीन पिढ्यांची चार माणसं परत आली नाहीत. तिथली फरशीही कुणीतरी धुतलीच असेल. पण शहाजींनी निजामशाही सोडली. मुर्तजा निजामशहाला त्याच्याच वजिरानं, फत्तेखानानं संपवलं. १६३६ला निजामशाहीच उरली नाही. आणि लखुजींच्या हत्येनंतर सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३०ला, त्यांच्या लेकीच्या पोटी शिवनेरीवर शिवाजी जन्मला. बाप आणि भाऊ गेल्याची बातमी तिनं गरोदरपणात ऐकली. त्या बातमीचं तिनं काय केलं, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

सिनेमातलं अंगण एका रात्रीत स्वच्छ होतं. आमच्याकडची माती तेवढी आज्ञाधारक नाही. २०२४ साली लखुजींच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्यानं खोदकाम केलं, तर शेषशायी विष्णूची मूर्ती वर आली. धुऊन काढणं दरबाराला जमतं. माती सगळं पोटात ठेवून गप्प बसते.

१२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला या गावात पाय ठेवायला जागा नसते. मी गेलो तो एरवीचा दिवस होता, दुपार टळत होती. समाधीच्या पायरीवर कुणीतरी शेवंतीची दोन फुलं ठेवली होती. सुकलेली होती. कुणी बदलली नव्हती.