डिंगऱ्यांच्या मागावर
(कॉर्नवॉलची दैनंदिनी : भाग ३)

९ जुलै, पेन्झन्स
सकाळी किनाऱ्याने माराझायनकडे निघाले. डावीकडे रेल्वेचे रूळ, उजवीकडे समुद्र, समोर भरतीत बेट होणारा सेंट मायकल्स माउंट. वाळूच्या कडेला कमरेएवढी झुडपं, चार-चार पाकळ्यांची फिकी पिवळी फुलं. खालची शेंग खुडली आणि थबकलेच. ही तर डिंगरी! आईच्या परड्यातल्या मुळ्याला लागायची तशीच, फक्त ठेंगणी, मण्यामण्यांची. चावली तर तोच झणका जिभेला. हा समुद्रमुळा, आपल्या मुळ्याचा भाऊबंद. जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी याला स्वतंत्र जात मानलं होतं. आता तो राफानुस राफानिस्ट्रमची मॅरिटिमस ही उपजात गणला जातो.

१० जुलै
दिवसभर पाऊस. कालच्या फांद्या वर्तमानपत्रात दाबून ठेवल्या.

११ जुलै
आतल्या शेतांकडे गेले. इथला रानमुळा म्हणजे पिकातलं तण, त्याच जातीची दुसरी उपजात. एका झाडाला पिवळी फुलं, शेजारच्याला जांभळ्या शिरांची पांढरी. रंगावर विसंबून चालायचं नाही, शेंगच पाहायची. रानमुळ्याची शेंग सडपातळ, ३ ते १० खणांची; खणांमधली खाच उथळ. वाळली की खणाखणांत मोडते आणि ते तुकडे धान्यात मिसळून पुन्हा शेतात पोचतात. समुद्रमुळ्याला मणी १ ते ५, मधे खोल चिमटा, आणि शेंग सहज मोडत नाही. टोकाची चोच शेवटच्या मण्याच्या फार तर दुप्पट. रानमुळ्याची पाचपटही भरते. पानंही बोलतात: समुद्रमुळ्याच्या बुडाच्या पानांचे खंड दाटीने एकमेकांवर चढलेले, रानमुळ्याचे सुटे. शिवाय रानमुळा एका वर्षात आटोपतो, समुद्रमुळा दोन किंवा अधिक वर्षं तग धरतो.

संध्याकाळी दोन्ही शेंगा शेजारी ठेवून भिंगातून पाहत बसले. इतका आनंद कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

१२ जुलै
शेत जिथे कड्याला भिडतं, त्या बांधावर सगळं पुन्हा विस्कटलं. चिमटा खोल, पण चोच लांबलचक. पानं धड इकडची ना तिकडची. या दोघांचा संकर होतो, त्याला बीही धरतं. खूण पटवण्यासाठी अर्धा तास घालवला. शेवटी चिठ्ठीवर जातीचं नाव लिहिलं, उपजातीची जागा कोरी ठेवली. ओढूनताणून नाव देणं मला त्या झाडावर अन्याय वाटतो. बांधापासून भरतीची रेघ साठ पावलं, तेवढं मात्र नोंदवून ठेवलं.