सरप्लस

शब्दकोशात ‘सरप्लस’चा अर्थ साधा आहे : गरज भागून उरलेले. लॅटिनमधले ‘सुपर’ म्हणजे वर आणि ‘प्लस’ म्हणजे अधिक. फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला. एके दिवशी तो आमच्या नावापुढे येऊन बसला.

आमची उर्दू प्राथमिक शाळा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीच्या पटावर 61 मुले असतील तर तीन शिक्षक, 60 असतील तर दोन. मोहल्ल्यातली काही मुले इंग्रजी माध्यमात गेली, पट 60 वर आला. सेवाज्येष्ठतेत शेवटचे आम्ही. अम्मीने विचारले, “सरप्लस म्हणजे क्या रे?”

“जरूरत से ज्यादा, अम्मी.”

“तू ज्यादा कैसा हुआ? बच्चे तो हैं ना इस्कूल में!”

आमच्याकडे उत्तर नव्हते.

शब्द मुळात वाईट नाही. अंदाजपत्रकातला सरप्लस म्हणजे वाढावा. तो अभिमानाने सांगतात. 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्यातली सरप्लस जमीन भूमिहीनांना वाटायची असते. पैसा, धान्य, जमीन यांना हा शब्द शोभतो. माणसाला लावला की मात्र तो ओझे ठरतो. मराठीतला ‘अतिरिक्त शिक्षक’ही तसाच बोचतो.

सूरह बकराच्या 219 व्या आयतीत काय खर्च करावे, या प्रश्नाला एकाच शब्दात उत्तर आहे : ‘अफ्व’. गरजेपेक्षा जे जास्त ते, असा अर्थ अनेक भाष्यकार लावतात. अरबीत अफ्व म्हणजे क्षमासुद्धा. आपण रोज बोलतो ती ‘माफी’ याच धातूतली. म्हणजे जास्तीचे असेल ते हातातून सोडायचे, मग तो पैसा असो की मनातला राग. जकातीतही निसाबावर संपत्ती वर्षभर राहिली की अडीच टक्के दुसऱ्याचा हक्क. दीनमध्ये जास्तीची असते ती मालमत्ता, माणूस नव्हे.

काही महिन्यांनी आमचे समायोजन झाले. नव्या शाळेत एकच शिक्षक चार वर्ग सांभाळत होते. आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा ते म्हणाले, “या सर, केव्हाची वाट पाहतोय.”

हुकमावर आम्ही अजून ‘अतिरिक्त’च होतो. रात्री अम्मीला फोनवर सांगितले, “यहाँ हम कम पडते हैं.”