निवृत्तीनंतरचा पहिला उन्हाळा

सेवानिवृत्त मनुष्य दिसला कीं लोक हटकून एकच प्रश्न विचारतात, "आतां वेळ कसा घालवतां?" जणूं वेळ म्हणजे स्वयंपाकघरांत शिरलेलें मांजर असून त्यास बाहेर घालविणें हेंच पेन्शनराचें उरलेलें कर्तव्य! यंदा चैत्रापासून मृगापर्यंतचे दिवस आम्हीं उभयतांनीं कसे काढले, त्याची हकीकत येथें देत आहों. तींत दूरदेशचा प्रवास नाहीं. आमची सर्वांत लांबची मजल रेल्वेच्या दोन स्थानकांपलीकडे गेली नाहीं. तथापि मुलें नोकरीनिमित्त परगांवीं आणि वडील माणसें जुन्या घरीं, अशी स्थिति आज कित्येक कुटुंबांत आहे. त्या घरांत जो प्रश्न आज ना उद्यां निघावयाचा, तोच यंदा आमच्याकडे निघाला.

आमचें घर बदलापुरास, स्थानकाच्या पश्चिमेस, उल्हास नदीच्या अंगास आहे. तळमजला, वर गच्ची, मागें विहीर आणि अंगणांत एक जांभळाचें झाड, एवढाच पसारा. घर बांधून तीस वर्षें होऊन गेलीं. आम्ही मुंबईस फोर्टांतल्या एका कचेरींत, व सौ. अंबरनाथच्या एका शाळेंत. पहांटे लोकल गांठावयाची आणि दिवेलागणीनंतर परतावयाचें, हा बदलापूरकरांचा कुलाचारच होय. पूर्वीं येथें घोडे बदलण्याचें ठाणें होतें म्हणून गांवास बदलापूर नांव पडलें, असें जुनीं माणसें सांगतात. १८५६ सालीं कल्याणाहून बोरघाटाच्या पायथ्याकडे आगगाडी निघाली आणि घोड्यांचें काम संपलें. पुढें त्यांची जागा आम्हां चाकरमान्यांनीं घेतली. रात्रीपुरता मुक्काम आणि सकाळीं पुढें कूच! त्यामुळें आपलें गांव दुपारच्या उन्हांत कसें दिसतें हें पाहण्याचा योग आम्हांस निवृत्तीनंतरच आला.

आम्ही आधींच घरीं बसलों होतों, यंदा सौ. शाळेंतून निवृत्त झाल्या. पाडवा होऊन चार दिवस होतात तोंच पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, आतां तेथें राहण्याचें कारण उरलें नाहीं. आईचे गुडघे दुखतात, गच्ची गळते, पावसाळ्यांत नदीची धास्ती. घर विकून इकडे या." त्याच्या बोलण्यांत कळकळच होती, सूनबाईंनींहि मागून तेंच सांगितलें. घराच्या जागीं इमारत उठविण्याविषयीं एक बांधकाम-व्यावसायिकहि दोनदां विचारून गेला होता. आम्ही निरुत्तर झालों. सौ. मात्र म्हणाल्या, "अहो, मृगापर्यंत त्याला थांबायला सांगा. घर राहण्याजोगें होतें का, आणि गांव राहण्याजोगें आहे का, हीं दोन्ही आधीं पाहूं या." त्यांनीं शाळेंतली एक कोरी वही काढली, डाव्या पानावर घराचीं कामें आणि उजव्या पानावर पाहण्याचीं ठिकाणें लिहिलीं. मुलाचा प्रश्न सोडविण्यासाठीं हाच आमचा अभ्यासक्रम ठरला.

पहिलें काम गच्चीचें. गळती वरून लिंपून थांबत नसते; पाणी मुरतें कोठें हें आधीं शोधावें लागतें. आमच्या गवंड्यानें गच्चीवर बादलीभर पाणी ओतून दाखविलें, तें नळीकडे न जातां भिंतीकडे धांवलें! जुना थर उखडून, भेगा भरून, विटांचे तुकडे मसाल्यांत बसवून नळीच्या दिशेनें उतार दिला आणि वर सिमेंटचा गिलावा घोटला. ह्या प्रकारास गवंडी ब्रिकबॅट कोबा म्हणतात. मग कडेनें बांध घालून चार दिवस पाणी कोंडून ठेवलें. रोज सकाळीं चहाचा पेला हातीं घेऊन आम्ही दोघें माना वर करून छत न्याहाळीत असूं. ओल उतरली नाहीं तेव्हां गवंड्याची मजुरी चुकती केली. ही पाण्याची परीक्षा झाल्यावांचून कोणींही शेवटचे पैसे देऊं नयेत, असें आमचें गृहस्थांस सांगणें आहे.

गवंड्याच्या सुटीच्या दिवशीं आम्ही अंबरनाथचें शिवमंदिर पाहून आलों. सौ. यांनीं तेथें मुलांच्या सहली कितीदां तरी नेल्या होत्या. परंतु तेव्हां सारें लक्ष मुलें मोजण्यांत! यंदा देऊळ निवांतपणें पाहिलें. शिलालेखांत शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काल आहे व शिलाहार राजा माम्वाणि याचें नांव आहे. बाहेरच्या भिंतींवर मूर्तींची इतकी दाटी कीं डोळा कोठें ठरावा हें कळूं नये. गाभारा मात्र मंडपाच्या पातळीहून खालीं, सुमारें वीस पायऱ्या उतरून; आणि वर शिखर अपुरें राहिल्यामुळें आकाशाचा उजेड थेट आंत येतो. उतरतांना सौ. यांनीं आमचा खांदा धरला, चढतांना भिंतीचा आधार घेतला. वर आल्यावर दम खाऊन म्हणाल्या, "वहींत लिहा, घरीं पायऱ्यांना कठडा."

त्याप्रमाणें अंगणांतून ओटीवर येणाऱ्या पायऱ्यांना व गच्चीच्या जिन्यास पोलादी पाइपाचा कठडा बसविला. न्हाणीघरांत धरावयास दांडी लावली व खालची गुळगुळीत फरशी काढून खरबरीत घातली. वेल्डरचें काम चाललें असतां आम्ही सहज म्हणालों, "आपण दोघें आहोंत, एकमेकांचा हात आहेच कीं." त्यावर सौ. शांतपणें म्हणाल्या, "दोघें आहोंत तोंवर हात आहे. हा कठडा मागें एकटें राहील त्याच्यासाठीं." त्या दुपारीं पुढें आम्ही फारसें बोललों नाहीं. पण मुलाच्या फोनामागें खरा प्रश्न कोणता होता, हें त्या एका वाक्यानें उघड झालें.

दुसरी फेरी उल्हासनगरची, फर्निचर बाजाराची. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तेथील बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें ह्या वसाहतीची कोनशिला बसली आणि नदीवरून तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. आजहि तेथील भाग कॅम्पच्या क्रमांकांनीं ओळखले जातात. आम्ही उंच पलंग घ्यावयास गेलों होतों. एका वृद्ध दुकानदारानें गुडघ्यांची हकीकत ऐकून विचारलें, घरचा पलंग कशाचा? सागवानी, असें सांगतांच तो म्हणाला, मग नवा कशाला? पायांखालीं चार बोटें उंचीचे खांचेचे ठोकळे बसवा. गिऱ्हाईक परत पाठवून योग्य सल्ला देणारा हा गृहस्थ पाहून आम्हांस आदर वाटला. ज्यांच्या वडिलांनीं बराकींत पडदे लावून संसार उभे केले, त्यांना जुनें लाकूड कां टाकवत नाहीं हें वेगळें सांगावयास नको.

सर्वांत जास्त फेऱ्या मात्र नदीवर झाल्या. वैशाखांत भोंवतालचे ओढे कोरडे पडले तरी उल्हास वाहत असते. त्याचें एक कारण सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. मावळांत आंद्रा नदीवर ठोकरवाडीचें धरण आहे. तेथील पाणी घाट उतरवून भिवपुरीस टाटांचें वीजघर १९२२ पासून चालतें आणि वीज करून सुटलेलें पाणी उल्हासेंत येतें. म्हणजे जें पाणी पूर्वेस भीमेकडे जावयाचें, तें आमच्या दारावरून पश्चिमसमुद्रास जातें. भर उन्हाळ्यांत ती नदी पाहिली कीं २६ जुलै २००५ चें तिचें रूप खरें वाटत नाहीं. त्या दिवशीं आमच्या घरांत कमरेएवढें पाणी होतें. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यानें वेढली गेली आणि हजारांवर प्रवाशांना सोडवावें लागलें. मुलाची धास्ती निराधार नव्हती. म्हणून तळमजल्यावरील विजेचीं बटणें २००५ च्या खुणेच्या वर नेलीं, धान्याचे डबे व कागदपत्रें माळ्यावर चढविलीं, आणि गच्चीवरच्या खोलींत दोन माणसांचें चार दिवस भागेल इतकी सोय केली. विहिरीचा गाळहि काढविला. गच्चीचें पाणी जाळींतून गाळून तिच्यांत सोडण्याची व्यवस्था केली.

मे-अखेरीस चिरंजीव, सूनबाई आणि नातवंडें आलीं. अंगणांतलें जांभूळ तेव्हां भरांत होतें. येथल्या जांभळांस अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालें आहे, हें आजीकडून ऐकून नातवंडांनीं आपल्या जांभळ्या जिभा मोठ्या अभिमानानें सर्वांस दाखविल्या. चिरंजीव मात्र घर पाहत हिंडत होता. कठडा हलवून पाहिला, बटणें पाहिलीं, जिना चढून वरची खोली पाहिली. रात्रीं जेवणें झाल्यावर सौ. यांनीं वही त्याच्यापुढें ठेवली व म्हणाल्या, "आम्ही दोघें आहोंत तोंवर येथें. एकटें कोणी उरलें तर तुझ्याकडे यावयाचें कीं येथेंच राहावयाचें, हें त्या एकट्यानें ठरवावें. तुम्हीं नव्हे आणि आज नव्हे." सूनबाईंनीं लगेच मान डोलावली. चिरंजीव थोडा वेळ गप्प होता. मग त्यानें वहीच्या डाव्या पानावर स्वतःच्या हातानें एक ओळ लिहिली: जिन्यांत रात्रीचा दिवा.

वृद्धांनीं मुलांकडे जावें कीं आपल्या घरीं राहावें, ह्याचें एकच उत्तर सर्व घरांस लागू पडेल असें नाहीं. परंतु हा विचार आजारपणांत किंवा पुराच्या रात्रीं घाईनें करण्यापेक्षां, दोघेंहि धडधाकट असतां एखाद्या उन्हाळ्यांत सावकाश करावा हें बरें. त्या निमित्तानें गच्ची दुरुस्त होते आणि आपलें गांवहि पाहून होतें. दिवा लागला आहे. मृग सुरू झाला असून छत अद्याप कोरडें आहे.