पुढच्या रांगेतला सुतार

आजच्या धाग्याचा नायक इंग्लंडकडून ११४ रग्बी सामने खेळला आणि त्यांत त्याने अवघा एक ट्राय केला. त्याचे नाव जेसन लेनर्ड.

लेनर्ड ‘प्रॉप’ होता. रग्बी युनियनमध्ये किरकोळ चुकीनंतर खेळ पुन्हा सुरू करण्यासाठी ‘स्क्रम’ रचतात. दोन्ही संघांचे आठ-आठ गडी खांदे भिडवून एकमेकांना रेटतात. पहिल्या रांगेच्या दोन टोकांना प्रॉप असतात. डावीकडच्याचे डोके एका बाजूने मोकळे राहते. उजवीकडच्याचे दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मध्ये अडकते. मागून साथीदारांचा रेटा, पुढून समोरच्या आठांचा, आणि हा सारा भार मान व पाठ यांवर. प्रेक्षकाला दिसतो तो केवळ पाठींचा ढीग. लेनर्ड दोन्ही जागा सांभाळू शके, आणि हे दिसते तितके साधे नाही.

१९६८ साली जन्मलेला, पूर्व लंडनच्या बार्किंगचा हा तरुण पेशाने सुतार. १९९० मध्ये ब्युनोस आयरिस येथे तो इंग्लंडकडून पहिल्यांदा उतरला, तेव्हा देशासाठी मान पणाला लावण्याचे वेतन नव्हते. मान पणाला लावणे हा इथे वाक्प्रचार नव्हे. १९९२ मध्ये त्याच्या मानेतली चकती फुटली. कमरेच्या हाडाचा तुकडा बसवून मान सांधावी लागली. हात निकामी झाला असता तर रग्बी सुटलीच असती, पोटापाण्याची सुतारकीही गेली असती. काही महिन्यांतच तो पुन्हा पहिल्या रांगेत उभा राहिला.

वेतन का नव्हते, हे समजण्यासाठी शतकभर मागे जावे लागते. मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास अभ्यासताना ‘खाडा’ हा शब्द मला सतत भेटतो: कामावर न आलेला दिवस, बुडालेली मजुरी. रग्बीतील सर्वांत मोठी फूट या खाड्यावरूनच पडली. उत्तर इंग्लंडच्या गिरण्यांत आणि खाणींत राबणारे खेळाडू शनिवारी सामन्यासाठी काम सोडून येत. बुडालेली मजुरी क्लबाने भरून द्यावी, एवढीच मागणी होती. रग्बी फुटबॉल युनियनने हौशी खेळाच्या नावाने ती फेटाळली. ऑगस्ट १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे तिचीच रग्बी लीग झाली.

हौशीपणाचे गोडवे गाणारे लेखन मी पुष्कळ वाचले आहे, पण ते मला पटत नाही. ज्याच्या घरची चूल शनिवारच्या मजुरीवर अवलंबून नाही, त्याला फुकट खेळणे सोपे असते. युनियनने मात्र हे सोवळे आणखी शंभर वर्षे पाळले. व्यावसायिक खेळाला मान्यता मिळाली ती ऑगस्ट १९९५ मध्ये, पॅरिसमधल्या बैठकीत. लेनर्ड तेव्हा २७ वर्षांचा होता. अर्धी कारकीर्द फुकट झाली होती, उरलेल्या अर्धीचे त्याला पैसे मिळाले. तो एकुलता ट्राय पुढच्या वर्षी अर्जेंटिनाविरुद्ध आला, आणि त्यावर सामना २०-१८ असा जिंकला गेला.

पण माझ्या लेखी त्याची मोठी कामगिरी गुणफलकाबाहेरची आहे. २२ नोव्हेंबर २००३, सिडनी, विश्वचषकाचा अंतिम सामना. पंच आंद्रे वॉटसन इंग्लंडच्या स्क्रमला वारंवार दोषी ठरवत होते. निर्धारित वेळ संपता संपता अशाच एका पेनल्टीवर ऑस्ट्रेलियाने १४-१४ बरोबरी साधली. जादा वेळेत फिल व्हिकरीच्या जागी ३५ वर्षांचा लेनर्ड आला. त्याचे काम एवढेच होते: स्क्रम कोसळू द्यायचा नाही आणि पंचांना शिट्टी वाजवण्याचे निमित्त द्यायचे नाही. त्यानंतर स्क्रममधल्या चुकीसाठी इंग्लंडला पेनल्टी बसली नाही. अखेरच्या क्षणी जॉनी विल्किन्सनने ड्रॉप गोल मारला आणि इंग्लंड २०-१७ ने जिंकले. छायाचित्रे अर्थातच विल्किन्सनची छापली गेली.

लेनर्ड २००४ मध्ये निवृत्त झाला. २०१५ मध्ये बार्किंगचा हा सुतार रग्बी फुटबॉल युनियनचा अध्यक्ष झाला. खाड्याची भरपाई नाकारणारी संस्था ती हीच.