राजुलच्या गुहेपाशी

जुनागढ शहरातून गिरनारच्या तळेटीकडे जाताना रस्त्यालगत एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर आता इमारत उभारलेली असल्यामुळे पहाटेच्या घाईत असलेला यात्रेकरू सहसा तिच्याकडे न पाहताच पुढे जातो. या एकाच शिळेवर तीन राजवटींचे लेख आहेत. इ. स. १५० च्या सुमारास क्षत्रप रुद्रदामनाने सुदर्शन तलावाचा बांध दुरुस्त केल्याची नोंद तिच्यावर आहे, तशी पाचव्या शतकातील स्कंदगुप्ताच्या काळचीही आहे. सर्वांत जुने लेख मात्र सम्राट अशोकाचे आहेत. त्यातील पहिल्याच लेखात राजा आपल्या मुदपाकखान्याचा हिशेब देतो. पूर्वी तेथे रोज लक्षावधी प्राण्यांची हत्या होत असे. लेख कोरला त्या वेळी ती दोन मोर आणि एक हरीण एवढ्यावर आली होती, आणि पुढे हे तीनही जीव मारले जाणार नाहीत, असे वचन त्यात आहे. दुसऱ्या लेखात माणसांच्या आणि पशूंच्या, अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे नमूद आहे.

बँकेत छत्तीस वर्षे ताळेबंद पाहिल्यामुळे असेल, पण स्वतःच्या स्वयंपाकघराचा जमाखर्च दगडावर कोरून ठेवणाऱ्या राजाविषयी मला विशेष आदर वाटला. शिवाय तो लेख ज्या पर्वताच्या पायथ्याशी आहे, त्याच पर्वताने मुक्या प्राण्यांसाठी मोडलेल्या एका लग्नाची कथा आपल्यापर्यंत पोहोचवली आहे.

या यात्रेत माझ्यासोबत धाकट्या बंधूंची कन्या होती. ती सव्वीस वर्षांची आहे. नोकरी सांभाळून ती जखमी प्राण्यांच्या शुश्रूषेचे काम करते. संक्रांतीच्या दिवसांत मांज्याने पंख कापलेली पाखरे तिच्या खोलीत खोक्यांतून ठेवलेली असतात. अलीकडे ती एक प्रेमकथाही लिहीत आहे. वरातीत थकून कोसळलेली एक घोडी, तिला उपचार देणारा तरुण पशुवैद्य आणि त्याच वरातीत आलेली एका व्यापाऱ्याची मुलगी, अशी साधी, गोड कथा आहे. मात्र तिचा शेवट अडला होता.

अडलेले आणखीही काही होते. दिवाळीनंतर तिच्यासाठी एक चांगले स्थळ आले होते. घर सुखवस्तू, मुलगा सुशिक्षित, पत्रिकाही जुळत होत्या. मुलाकडील ज्येष्ठ मंडळींनी सहज विचारले, “लग्नानंतर हे कुत्र्यामांजरांचे बंद होईल ना?” ती शांतपणे ‘नाही’ म्हणाली आणि बोलणी तेथेच थांबली. बंधू व्यथित झाले. “दादा, यात्रेत सवड मिळेल तेव्हा तिला चार गोष्टी समजावा,” असे त्यांनी निघताना मला सांगितले होते.

अहमदाबादहून वेरावळकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीने आम्ही पहाटे जुनागढला उतरलो. ऑक्टोबर २०२० पासून गिरनारवर रोपवे सुरू झाला आहे. तो थेट अंबाजीच्या टुकापर्यंत नेतो आणि तेथून खाली उतरून जैन मंदिरांकडे यावे लागते. आम्ही पायऱ्यांनीच जायचे ठरवले. तळेटीला डोलीवाले प्रवाशाचे वजन करून भाडे सांगत होते. गुडघ्यांनी एकदा त्या काट्याकडे आशेने पाहिले, परंतु पुतणी पुढे निघालीही होती.

सुमारे चार हजार पायऱ्या चढल्यावर मंदिरांचा समूह येतो. बावीसावे तीर्थंकर नेमिनाथ भगवान यांची श्यामवर्ण मूर्ती पाहिली, की चढण्याचे श्रम विसरतात. हे मंदिर बाराव्या शतकात सिद्धराज जयसिंहाचा सौराष्ट्रातील अधिकारी सज्जन याने उभारले. प्रबंधांतील कथा अशी की, त्याने राज्याचा महसूलच मंदिराला लावला. राजा हिशेब मागायला आला तेव्हा व्यापाऱ्यांनी तेवढी रक्कम उभी केली होती. सज्जनाने राजापुढे दोन पर्याय ठेवले, रक्कम घ्यावी किंवा मंदिराचे पुण्य घ्यावे. राजाने पुण्य घेतले.

ही कथा मी पुतणीला रंगवून सांगितली. ती म्हणाली, “काका, मंदिराचा खर्च व्यापाऱ्यांनी भरला. त्या प्राण्यांच्या सुटकेचा खर्च कोणी भरला?”

ती राजुलविषयी बोलत होती. वाचकांना कथा ठाऊक आहेच. समुद्रविजय व शिवादेवी यांचे पुत्र नेमिकुमार, श्रीकृष्णांचे चुलतबंधू, उग्रसेनाची कन्या राजीमती हिला वरण्यासाठी वरातीने निघाले. वाटेत कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश त्यांच्या कानी आला. सारथ्याला विचारता कळले, की हे जीव विवाहाच्या भोजनासाठी आणले आहेत. कुमारांनी अंगावरील अलंकार सारथ्याला दिले आणि ते माघारी फिरले. अबूच्या लूणवसहीत, तेराव्या शतकातील त्या संगमरवरी छतावर, ही वरात आणि तो प्राण्यांचा वाडा असे दोन्ही कोरलेले आहेत. दिगंबर परंपरेतील उत्तरपुराणात तर हे प्राणी श्रीकृष्णांनीच, नेमिकुमारांना वैराग्य यावे म्हणून, तेथे आणवल्याचे सांगितले आहे.

जमाखर्चाच्या भाषेत बोलायचे, तर प्राण्यांच्या खाती जीवनदान जमा झाले. त्याची नावे नोंद मात्र राजुलच्या खाती पडली, तीही तिला न विचारता. हे आपल्या कवींनी ओळखले होते. तेराव्या शतकात विनयचंद्रसूरींनी रचलेल्या ‘नेमिनाथ चतुष्पदिका’ या जुन्या गुजराती काव्यात श्रावणापासून बारा महिने राजुल आणि तिची सखी बोलत राहतात. विक्रम कवीने ‘नेमिदूत’ रचताना मेघदूताच्या प्रत्येक श्लोकाची शेवटची ओळ घेऊन तिच्यावर राजुलची विनवणी उभी केली. वैराग्याच्या कथेत प्रेमाला जागा देण्याचा संकोच या आचार्यांना व कवींना वाटला नाही.

मंदिरांच्या परिसरातच राजुलची गुहा आहे. आत वाकून शिरावे लागते. उत्तराध्ययन सूत्राच्या बावीसाव्या अध्ययनात या पर्वतावरील गुहेचा प्रसंग येतो. राजीमतीने स्वतःच्या निश्चयाने दीक्षा घेतली. रैवतक चढत असता पावसाने भिजून ती एका गुहेत आली. तेथे नेमिनाथांचे बंधू रथनेमी ध्यानाला बसले होते. तिला पाहून ते विचलित झाले. तिने त्यांना कठोर शब्दांत सावरले, आणि मत्त हत्ती अंकुशाने आवरावा तसे ते पुन्हा संयमावर स्थिर झाले. या अध्ययनाचे नावच ‘रथनेमीय’ आहे.

गुहेबाहेर पायरीवर बसून आम्ही पाणी प्यालो. बंधूंचा निरोप सांगायला ती वेळ योग्य होती. मी विचारले, “तुझ्या कथेत शेवटी लग्न होते की नाही?”

“तेच ठरत नव्हते,” ती म्हणाली. “प्राणी वाचवताना दोघे भेटतात, मग सगळे गोड होते, असे लिहिले की मला खोटे वाटते. इथे तर प्राणी वाचले आणि लग्न मोडले. पण काका, तो आक्रोश साऱ्या वरातीने ऐकला असेल ना? सारथ्याला तर कारणही माहीत होते. ‘हे का कोंडले आहेत’ असे एकानेच विचारले. माझ्या कथेतल्या मुलीने त्या पशुवैद्याला औषध देताना पाहून प्रेमात पडू नये. घोडी कोसळल्यावर वाजंत्री थांबवायला सांगणारा तो एकटाच होता, म्हणून पडावे. आणि पुढच्या वेळी वाजंत्री थांबवणारी ती असावी.”

“आणि लग्न?”

“होईल. पण वरातीत घोडी नसेल.”

राजुलनेही पुढे हेच केले होते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. एकाने प्राण्यांना सोडवले. त्या सुटकेची किंमत जिने मोजली, तिने पुढे एका माणसाला सोडवले. करुणा एका हातातून दुसऱ्या हातात गेली. बंधूंचा निरोप मी खिशातच ठेवला. संध्याकाळी तळेटीहून त्यांना दूरध्वनी केला आणि एवढेच म्हणालो, की स्थळ पाहताना यापुढे पत्रिकेच्या आधी तिच्या खोलीतली पाखरे दाखवावीत. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “बघू.” तेवढे मला पुरेसे वाटले.

आपला समाज व्यापारी आहे आणि जीवदयेसाठी पैसा काढण्यात तो मागे राहिलेला नाही. मुंबईत भुलेश्वरचा पांजरापोळ १८३४ मध्ये उभा राहिला, तो व्यापाऱ्यांच्या दानावर आणि मालावर बसवलेल्या लाग्यावर. अशा संस्थांना आपण देणगी देतो, पावती घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु घरातील एखादी मुलगी किंवा मुलगा त्याच दयेपायी रात्री उठून पाखराला पाणी पाजतो, तेव्हा आपण त्याला छंद म्हणतो आणि तो केव्हा सुटेल याची वाट पाहतो. लग्नाच्या बोलण्यांत सोने, दुकान, शिक्षण यांची विचारपूस होते. मुलगा किंवा मुलगी रस्त्यावरचा आक्रोश ऐकून थांबते का, हे मात्र कोणी विचारत नाही.

गिरनारला जाल तेव्हा शक्य असेल तर पायऱ्यांनी जावे आणि तळेटीपूर्वीची ती शिळा अवश्य पाहावी. नेमिनाथांचे दर्शन झाल्यावर पुढे सहसावनाकडे निघण्याची घाई करू नये. राजुलच्या गुहेपाशी दहा मिनिटे बसावे. सोबत विवाहयोग्य मुले असतील तर त्यांना ही कथा पूर्ण सांगावी, नेमिकुमारांच्या माघारी फिरण्यापाशी न थांबता राजुल गुहेतून बाहेर पडेपर्यंत.