जीवनरक्षक तराफा ठेवायचा कुठे?

इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांवरची महाकाय कासवे पाहून शिडाच्या नौका पुढे पॅसिफिकमध्ये शिरतात. मग आठवडेच्या आठवडे जमीन दिसत नाही. नौकेत जागा चाळीतल्या खोलीएवढी. त्यामुळे जीवनरक्षक तराफा खाली सामानात कोंबावासा वाटतो. पण याच वाटेवर जून १९७२ मध्ये किलर व्हेलच्या धडकेने रॉबर्टसन कुटुंबाची ‘लुसेट’ काही मिनिटांत बुडाली. तराफा व छोटी होडी वेळेत पाण्यात टाकता आली, म्हणूनच सहाही जण ३८ दिवसांनी जपानी मासेमारी जहाजाला जिवंत सापडले. तराफा १५ सेकंदांत कठड्याशी आणता यावा, असा सागरी शर्यतींचा नियम आहे. तेव्हा जागा सुकाणूजवळची, जिथे कुणी ना कुणी जागे असते. सर्वांत अशक्त माणसालाही तो सोडवता यायला हवा. दोरीचे टोक मात्र आधीच नौकेला बांधलेले हवे. तिच्या झटक्यानेच तराफा फुगतो.